मधपेट्यांवरच्या काळ्या चिंध्या

रोजच्या घरकामाला आलेल्या बिडीला बाईंनी बागेचं फाटक ढकललं, आणि घराचं दार उघडायच्या आधीच त्यांना कळलं की आत कोणीतरी मेलं आहे. टिअर्नन क्विल्टी मास्तरांच्या मधपेट्यांवर काळ्या चिंध्या बांधलेल्या होत्या.

याचा अर्थ किलब्रॅनॉक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. माश्यांचा धनी गेला की पुढे जो त्यांना सांभाळणार, त्याने घराची किल्ली पेटीवर ठोकायची, हळूच बातमी सांगायची आणि काळी चिंधी बांधायची. नाही सांगितलं तर माश्या रुसतात. पेटी ओस पडते.

बिडीला बाई मागच्या दाराने आत गेल्या. मास्तर चुलीपाशी पडले होते, डोकं दगडी कडेवर, अंग थंडगार. बाई किंचाळत बाजाराकडे धावल्या.

चिंध्यांची गोष्ट ऐकल्यावर गावाने दारं लावून घेतली. माणसाला कळायच्या आधी माश्यांना कोणी सांगितलं? बाळांच्या रानातून आलं असणार ते, असं बायका पुटपुटल्या आणि छातीवर क्रूस काढू लागल्या.

बाळांचं रान म्हणजे बाजाराच्या पटांगणामागचा उंचवटा. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना देवळाच्या आवारात जागा मिळत नसे. बाप गुपचूप तिथे पुरून येई, वर एक बिननावाचा धोंडा ठेवी, आणि घरात पुन्हा तो विषय निघत नसे. मास्तर गावाचा इतिहास लिहीत होते. बाजाराची सनद, दुष्काळ, जमीनदार, सगळं लिहून झालं होतं, हे रान तेवढं राहिलं होतं. त्यात लिलाववाल्या लावेलला नेमका तिथेच गुरांचा नवा बाजार बांधायचा होता. मास्तरांनी ठरवलं, साक्षीदारांसमोर जमीन उघडायची. हाडं दिसली की तिथे पाया खणायची कोणाची टाप नाही. खणायला त्यांनी कोल्म मॅकेव्ह गवंड्याला बोलावलं. तो नाही म्हणाला, भर बाजारात दोघांची जुंपली, आणि दुसऱ्याच सकाळी मास्तर गेले.

सार्जंटने कोल्मला उचललं. सोमवारी त्याला शहरातल्या तुरुंगात नेणार होते. तिथून पुढचा रस्ता फासाचा, हे साइव्हला कोणी सांगायला नको होतं.

साइव्ह म्हणजे कोल्मची बायको. कडेवर पाच महिन्यांची नोरीन. शेजारणीने दूध देणं बंद केलं होतं. दुपारीसुद्धा दाराला अडसर घालून ती पाळण्याला पाठ टेकून बसे. खरा मारणारा गावातच कुठेतरी आहे, रस्त्यात भेटला तर तिला ‘बरी आहेस ना’ म्हणत असेल, हा विचार आला की ती उठून अडसर पुन्हा चाचपे.

लग्नातली अंगठी विकून तिने गॉलवेहून ब्रेस्लिनला बोलावलं. खासगी तपास करणारा, काटकुळा माणूस. सोबत त्याचा मेहुणा जार्लथ, गाडी हाकायला आणि वाटेत खायला.

“भांडण कशावरून झालं?” ब्रेस्लिनने विचारलं.

“कोल्म सांगत नाही.”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

साइव्हने नोरीनला घट्ट धरलं. “हिच्याआधी एक होती. पाद्रीबाबा पोचायच्या आत गेली. ती त्या रानात आहे. तिला उकरून काढायला त्याच्याच हाताने कुदळ मारायची होती. खरं सांगितलं तर माझं गावभर होईल, म्हणून तो गप्प आहे.”

“म्हणजे मारायला कारण होतंच की,” जार्लथ म्हणाला.

ब्रेस्लिनने पावाची टोपली त्याच्यापुढे सरकवली. “तू खा.”

चौकशीला साइव्ह बरोबर गेली, कारण घरात एकटं बसवत नव्हतं. लावेल बेफिकीर होता. मास्तर गेल्याचं दुःख नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. त्या माश्या बाजारातली गुरं उधळवतात, त्या पेट्या हलवा म्हणून त्याने दोनदा अर्ज केले होते. कोल्मचा विषय निघाला तेव्हा तो हसला. तो गवंडी माश्यांना घाबरतो, एकदा चावली तर धड श्वास घेता येईना, तेव्हापासून मास्तरांच्या बागेत पाऊल टाकत नाही, म्हणाला.

“घरात शिरायला बाग कशाला लागते?” जार्लथने शंका काढली.

मग औषधवाले अँब्रोज हेशन. मास्तरांचे जुने मित्र. इतिहासासाठी दोघं मिळून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करत. बिडीला बाई रस्त्यातून ओरडत गेल्या तेव्हाच मला कळलं, गेल्या आठवड्यापासून मी त्या घराकडे फिरकलो नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. “माश्या आता मीच सांभाळीन. टिअर्ननची तीच एक हौस होती.”

नोरीन पोटदुखीने रडत होती. त्यांनी न मागता औषध भरलं, बुचावर कागद ठेवला, दोरा दोनदा फिरवून टोक खालून दुमडलं आणि सपाट गाठ मारली. बाळाच्या गालाकडे त्यांचं बोट गेलं, आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. घरी साइव्हला ती गाठ नखांनी सुटेना. शेवटी दातांनी तोडली.

मास्तरांच्या घरी ब्रेस्लिन आधी आतून पुढच्या दाराशी गेला. ते दार पाद्रीबाबांसाठी नाहीतर मेलेल्यासाठी उघडायचं, किल्ली वर्षभर आतून कुलपात. त्याने ती काढून साइव्हच्या हातात दिली. बोटांना चिकटली. मधाचा आणि राळेचा वास आला.

मग तो बागेत गेला आणि एक चिंधी गाठीसकट कापून घेऊन आला.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याने सगळ्यांना मास्तरांच्या स्वयंपाकघरात बोलावलं. सार्जंट, लावेल, बिडीला बाई, हेशन. साइव्ह दाराशी उभी राहिली.

“भुतं किल्ली वापरत नाहीत,” ब्रेस्लिनने सुरुवात केली. “चिंध्या बांधणाऱ्याला मास्तर गेल्याचं बिडीला बाईंच्या आधी माहीत होतं. तो घरात होता, कारण किल्ली घरातली. पेटीच्या झाकणाला राळ असते, ती ठोकताना लागली. परत आणून त्याने किल्ली कुलपात घातली. म्हणजे घाबरून पळालेला चोर नव्हे.”

“बाईंनीच केलं नसेल कशावरून?” लावेलने विचारलं.

“त्यांनी बांधल्या असत्या तर स्वतःच गावभर ओरडत गेल्या असत्या का? कोल्म पेट्यांजवळ जात नाही. तुम्हाला तर माश्या उडून गेलेल्या हव्याच होत्या. माश्या राहाव्यात असं वाटणारा एकच माणूस.” त्याने चिंधी टेबलावर ठेवली. “साइव्हबाई, ही गाठ ओळखता?”

साइव्हने पाहिलं. दोनदा फिरवलेली, टोक खालून दुमडलेलं, सपाट. तिच्या दातांना ती आठवली. तिने मान वर करून हेशनकडे पाहिलं. याच माणसाच्या हातचं औषध तिने नोरीनला पाजलं होतं.

हेशन हळूच खुर्चीवर बसले. “मी त्याला मारायला आलो नव्हतो. रान उघडू नको एवढंच म्हणत होतो. माझ्या बहिणीचं आहे तिथे. लग्नाविना झालेलं. दुकानाच्या खोक्यात ठेवून मीच पुरलं. खोक्यावर आमचं नाव डागलेलं आहे. ती आज मठात आहे, हो. मुली तिच्याकडे शिकायला जातात. टिअर्नन म्हणाला, इतिहासाला कोणाची बहीण नसते. मी ढकललं. तो उठलाच नाही.”



“आणि कोल्म?” साइव्हने विचारलं. “सोमवारी त्याला नेणार होते. माश्यांना खरं सांगितलंत तुम्ही. मला नाही.”



“पण कोल्म पठ्ठ्या तोंड मिटून का बसला?” सार्जंटने विचारलं. ब्रेस्लिन काही बोलणार, एवढ्यात साइव्हच बोलली. “आमचंही एक आहे तिथे. मुलगी. नाव ठेवलं होतं आम्ही. ओर्ला.”

गावात हे नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. बिडीला बाईंनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला.

संध्याकाळच्या आत कोल्म घरी आला. सकाळी, बाजार भरला असताना, नोरीनला घेऊन ते रानाकडे निघाले. गुरांच्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत. कोल्म तीनदा थांबला. तिने त्याचा हात सोडला नाही.

धोंडा सापडला. साइव्ह त्याच्याशेजारी गवतात बसली आणि नोरीनला पाजायला घेतलं. मागे पावलं वाजली. मार खायची सवय झालेल्या माणसासारखी तिने मान आत घेतली.

बिडीला बाई होत्या. पुढे जाऊन चार धोंड्यांपलीकडे गुडघ्यावर बसल्या. मग दूध बंद केलेली शेजारीण आली, आणि खाली मान घालून कुंपणाकडच्या कोपऱ्यात गेली. मग पाववाल्याची म्हातारी. मग लावेलची बायको, नवऱ्याच्या हाकांकडे लक्ष न देता.

प्रत्येकीला आपली जागा न शोधता सापडत होती.