वाटीवरचा अंगठा

हे खरं घडलंय. कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं आहे. आणि ते अजून संपलेलं नाही.

मी बँकेत नोकरी करणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसायचे. आता हसत नाही.

शनिवार होता. भर दुपार, सव्वा वाजलेला. जागा म्हणजे विद्यापीठाच्या संग्रहालयाचं तळघर. जुन्या वस्तू तिथे कपाटांत ठेवतात.

धाकटी तिथे शिकते. पोर पाच वर्षांची झाल्यावर बाईसाहेब पुन्हा शिकायला निघाल्या! माणसं वस्तू कशा घडवतात, कशासाठी घडवतात, याचा अभ्यास. तोही नुसता वाचून नाही, ती वस्तू स्वतःच्या हातानं करून बघायची. आमची आई म्हणायची, "भांडी घासायचा कंटाळा, आणि म्हणे भांडी घडवते!"

धाकटीच्या वाट्याला आली एक मातीची वाटी. फार जुनी. ओंजळीत मावेल एवढी, चाकावर न फिरवता हातानं दाबून केलेली. काठाशी एक खळगा होता, घडवणारीच्या अंगठ्याचा. बाईचाच असणार, इतका नाजूक. रेषा न् रेषा उमटलेली, आणि मधून कापल्याची एक आडवी खूण. सोबतच्या कार्डावर वाटीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'करणारं माणूस: माहीत नाही.'

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "अशा चाळीस वाट्या कर. तोवर हाताला कळेल."

एकतीस झाल्या, पण एक धड असेल तर शपथ. कुठे काठ फाटला, कुठे बूड बसलं. सोमवारी दाखवायच्या होत्या. धाकटी अगदी रडकुंडीला आली होती.

त्या दुपारी तळघर सांभाळणारे काका डबा खायला वर गेले. जाताना बजावून गेले, "हातमोजे काढू नकोस हं, पोरी."

ते गेले आणि हिनं उजवा मोजा काढला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण तिचंही चूक नव्हतं. मोज्यातून त्या बाईची पकड कळणार कशी?

तिनं अंगठा खळग्यात ठेवला.

बरोब्बर बसला...

आणि खळगा ओला लागला.

कधीकाळी भाजलेली, दगडासारखी माती. ओली. मऊ. तिनं झटकन अंगठा काढला. बघते तर कोरडाच.

मग कपाटामागून आवाज आला. थप... थप... थप... ओली माती थापल्यासारखा.

नळ गळत असेल, असं म्हणून ती निघाली.

त्या संध्याकाळी तिनं एका बैठकीत नऊ वाट्या केल्या. सगळ्या एकसारख्या. मला फोन केला, "ताई, जमलं गं! हात आपोआप चालतोय!" मी म्हटलं, "चला, सुटलीस एकदाची." किती मूर्ख होते मी.

सोमवारी हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही. पुसून लावला, तरी नाही. रखवालदार म्हणाला, "बाई, माती कालवून अंगठा झिजवलात की!" तीही हसली.

मॅडमनी भिंगातून तिच्या नव्या वाट्या बघितल्या. खूश झाल्या. "कापल्याची खूणसुद्धा? कोरलीस कशानं?"

तिनं काहीच कोरलं नव्हतं.

तिनं अंगठा वळवून बघितला... आडवी रेघ. जुनी, भरून आलेली जखम. तिला तिथे कधीही कापलेलं नाही. लहानपणी तो हात धरून मी तिला चालवलंय, मला माहीत नाही होय?

ती धावत तळघरात गेली. काकांनी वाटी काढून दिली.

खळगा होता. पण रेषा नव्हत्या. खूणही नव्हती. आतून सगळं गुळगुळीत...

काका कार्डावरचा फोटो आणि वाटी आळीपाळीनं बघत राहिले. "वीस वर्षं सांभाळतोय मी ही," एवढंच म्हणाले.

हिनं पुन्हा अंगठा लावला. रडत म्हणाली, "घे गं बाई, तुझं तुला." काहीसुद्धा झालं नाही.

मेहुणे नोकरीपायी परगावी, त्यामुळे घरात ही आणि लेक टिकली, दोघीच. टिकलीला झोपताना कपाळावर आईचा हात लागतो. त्या दिवशी हात ठेवताच तिनं डोळे उघडले.

"आई, हा कुणाचा हात आहे?"

"माझाच गं."

"खोटं. तुझा असा गार नसतो."

डॉक्टरांनी मलम दिलं. माती सोसत नाही काहींना, म्हणाले. मी रजा टाकून तिच्याकडे राहायला गेले.

आणि रविवारी दुपारी मी डोळ्यांनी बघितलं. दोघी झोपल्या होत्या. धाकटीचा उजवा हात उठला... टिकलीच्या डोक्यावर आला...

तो कुरवाळत नव्हता. जरा दाबायचा, डोकं जरा फिरवायचा, पुन्हा दाबायचा. ओली वाटी फिरवत दाबतात ना, तसं. आणि टिकली झोपेत हसत होती.

माझी पाचावर धारण बसली. मी तो हात ओढून काढला. धाकटी दचकून उठली. "ताई, मी काही करत नव्हते गं! झोपले की मला हात जाणवतच नाही."

मग आम्ही रोज झोपताना तो हात ओढणीनं पलंगाला बांधायला लागलो. गाठी मी स्वतः मारायचे, करकचून. रोज सकाळी ओढणी सुटलेली. घडी घालून उशीखाली ठेवलेली.

चौथ्या दिवशी टिकली आपणहून म्हणाली, "मावशी, मीच सोडते. बांधलं की ती रडते ना."

"कोण ती?"

तिनं उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

धाकटीनं डावा हात पुढे केला, लेकीला जवळ घ्यायला. टिकलीनं तो हळूच बाजूला सारला.

"हा नको. हा तुझा आहे."

मी तडक पोरीला माझ्या घरी घेऊन आले. म्हटलं, चार दिवसांत विसरेल. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नाही. घोट पाणी नाही. नुसती रडायची, "तो हात हवा." तिसऱ्या दिवशी ताप चढला. माझाच धीर सुटला. मीच तिला परत नेऊन सोडलं. हो, मीच.

दार उघडलं, तेव्हा टिकलीनं आईच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. धावत जाऊन उजवा हात धरला, गालाला लावला आणि शांत झाली.

धाकटी तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "ताई, मी काय करू गं?"

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि ती हेच विचारते.