सातवीचं ‘होऽऽ’

सुबोधसरांचा वेग रोज का वाढतोय, हे कोणालाच कळत नव्हतं.

सुबोधसर म्हणजे माणूस नव्हे. आमच्या कुसळवाडीच्या शाळेत यंदा बसवलेलं ते शिकवणारं यंत्र. फळ्याच्या जागी मोठा पडदा, त्यातून येणारा गोड आवाज आणि छताला चार ध्वनिग्राहक (आवाज टिपणारी उपकरणं). म्हणजे कान होते, डोळे नव्हते. यंत्रानं आमच्या पोरांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, असं पालकसभेनं ठणकावून सांगितलं होतं.

जूनमध्ये सुबोधसर एका तासात दोन गणितं सोडवायचे. जुलैत सहा. ऑगस्टमध्ये अकरा! पडद्यावरचे आकडे वहीत उतरवेपर्यंत पुसले जायचे. तालुक्याहून तंत्रज्ञ आला, त्यानं वायरी तपासल्या, “यंत्र ठणठणीत आहे,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. शनिवारी गणिताची चाचणी होती. चाळीसपेक्षा कमी गुण पडले की तालुक्याच्या निवासी वर्गात रवानगी. तिथून म्हणे फक्त दिवाळीला घरी सोडतात. मी आजवर आईला सोडून एक दिवसही कुठे राहिले नव्हते. आणि शेकडेवारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

बाकी सगळ्यांना कळत होतं, याचीच जास्त भीती वाटायची. गणित संपलं की सुबोधसर विचारायचे, “समजलं?” आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, “होऽऽ!” निरंजन घुगेचा आवाज सगळ्यांत मोठा. पहिला नंबर ना त्याचा! मीही ओरडायचे. नाही ओरडलं तर सगळे वळून बघतील ना.

बुधवारी मात्र मला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत मी दुधाळबाईंना शोधत गेले. पूर्वी गणित त्याच शिकवायच्या. आता यंत्रावर लक्ष ठेवायचं आणि दर पंधरवड्याला वर अहवाल पाठवायचा, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. त्या गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकावत होत्या. टाकी भरून वाहत होती आणि जिन्यात पाणीच पाणी झालं होतं.

“बाई, मला काहीच समजत नाहीये,” एवढं म्हणेपर्यंत मला रडूच फुटलं. “मला पाठवतील ना तिकडे?”

“डोळे पूस आधी. आणि ये, हे बघ,” बाई म्हणाल्या.

टाकीत दांडीला लावलेला एक प्लॅस्टिकचा चेंडू होता.

“पाणी चढलं की हा चेंडू तरंगत वर जातो आणि दांडी नळाचं तोंड बंद करते. पाणी उतरलं की चेंडू खाली, नळ सुरू. म्हणजे टाकी किती भरली, ही खबर चेंडू नळाला देतो. याला म्हणतात प्रत्याभरण (आपल्या कामाचा काय परिणाम झाला, ही खबर काम करणाऱ्याकडे परत पोचणं).”

“मग आज टाकी का वाहतेय?”

“टाकी लवकर भरावी म्हणून शिपाईकाकांनी दांडी सुतळीनं खाली बांधली आणि सोडायला विसरले. नळाला वाटतंय, टाकी रिकामीच आहे. नळात काही बिघाड नाही गं. त्याला मिळणारी खबर खोटी आहे.”

मी त्या सुतळीकडे बघत राहिले.

“बाई, सुबोधसरांना डोळे नाहीत. त्यांचा चेंडू म्हणजे आमचं ‘होऽऽ’?”

बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणता, त्याला वाटतं सोपं जातंय, तो वेग वाढवतो. पुन्हा हो, पुन्हा वेग. वीस वर्षं मीही हेच विचारत आले आणि मुलं हेच ओरडत आली. पण मी तुमची तोंडं बघायचे, म्हणून मला खरं कळायचं.”

“मग वर कळवा ना!”

बाईंनी नजर चुकवली. “अहवालात एक रकाना असतो. मुलांची प्रगती समाधानकारक आहे का? मी दर वेळी ‘हो’ लिहिते. ‘नाही’ लिहिलं की खुलासा मागतात. मलाही भीती वाटते, हेमांगी.”

मोठ्या माणसांनाही भीती वाटते, हे ऐकून मी आणखीच घाबरले.

गुरुवारी पहिलं गणित संपलं. “समजलं?”

“होऽऽ!”

तो गलबला विरेपर्यंत मी थांबले आणि उभी राहिले.

“नाही.”

कोणीतरी खिदळलं. पण पडदा थांबला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

“कोणाला नाही समजलं?” सुबोधसरांनी विचारलं.

आता नाव सांगितलं की ते नोंदलं जाणार. तालुक्याची गाडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

“मला. हेमांगी.”

“कुठपासून?”

“शेकडा म्हणजे काय, तिथपासून.”

पुढच्या बाकावरून बारीक आवाज आला. “मला पण. तिथपासूनच.” तो निरंजन होता! पाठोपाठ हात वर होऊ लागले. सुबोधसरांना ते दिसत नव्हते. दारात उभ्या असलेल्या दुधाळबाईंनी हात मोजले आणि मोठ्यानं सांगितलं, “सुबोध, एकवीसपैकी एकोणीस.”

“ही माहिती मला आजवर मिळाली नव्हती,” सुबोधसर म्हणाले. “आपण शेकड्यापासून सुरू करू.”

बाईंनी अहवालाचा कागद काढला आणि आमच्या देखत त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. वरून काय उत्तर येईल, त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाचणी शनिवारीच होती आणि माझी भीतीही गेली नव्हती. पण आता एकोणीस पोरं आणि बाई, असे आम्ही वीसजण मिळून घाबरलो होतो, आणि ते पुष्कळच बरं वाटत होतं.

त्या तासाला एकच गणित झालं.

“समजलं?”

कोणीच ओरडलं नाही. सगळे आपापल्या वहीत बघत होते.

“थोडं,” निरंजन म्हणाला.

आणि सुबोधसर थांबले.