परवानगी चौघांची

मी शाळेत गणित शिकवतो. मोजण्यात माझी सहसा चूक होत नाही, म्हणून हे सांगायचं धाडस करतोय.

त्या वर्षी परक्या सरकारने नवा कायदा आणला. एका छताखाली चारांहून जास्त माणसं दिसली, की बेकायदा जमाव. खटला नाही, वकील नाही, थेट सहा महिने आत. आमच्या गल्लीतला घड्याळजी पोराच्या वाढदिवसापायी आत गेला होता.

ताईच्या लग्नाला परवानगी मिळाली ती चौघांची: नवरा, नवरी, आई आणि मी.

"चार तर चार," आई म्हणाली. "पण माझ्या लेकीचं लग्न मुक्याने नाही व्हायचं."

दुपारी शेजारच्या शिंपीणकाकू मागच्या दाराने आल्या. "नुसतं तोंड दाखवून जाते," म्हणाल्या आणि ठाण मांडून बसल्या. मग त्यांचे यजमान. मग घड्याळजीची बायको, कडेवर पोर. तासाभरात घराचं गोकुळ झालं. कुणी पेटी काढली, कुणी बेसूर गाऊ लागलं. ताईची हसून हसून पुरेवाट झाली. मी सवयीने डोकी मोजली. त्रेसष्ट.

तेवढ्यात दार वाजलं. मी उठलो, पण कडी आधीच निघाली होती. दारात फौजदार, हातात वही.

पेटी थांबली.

माझ्या खांद्यावरून आत बघत तो पेन्सिलीने मोजू लागला. "एक, दोन, तीन..." पेन्सिल शिंपीणकाकूंच्या नाकासमोरून सरकली. "...चार."

पुन्हा मोजलं. पुन्हा चार.

मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "घोटभर पाणी मिळेल, आजोबा?"

मी त्या जागेकडे पाहून परत वळलो, तर फौजदार पाणी पीत होता. पेला मी दिला नव्हता. मग त्या रिकाम्या जागेशी तो काहीतरी पुटपुटला, वही-पेन्सिल पुढे केली आणि परत घेतली.

तो गेला. घड्याळजीचं पोर खुदकन हसलं, आणि सगळं घर हसत सुटलं! दिवस मावळेपर्यंत आम्ही नाचलो. आईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर फौजदार भेटला.

"काय मास्तर, सख्ख्या बहिणीच्या लग्नाला नव्हतात?"

"होतो की."

"कुठे? नवरा, नवरी, आई आणि आजोबा. भारी गमत्ये हं. म्हटलं, कायदा आहे, चारच माणसं. तर हसून म्हणाले, 'कुठला कायदा? तो जाऊन वर्षं लोटली, बाळा.'"

आमच्या घरात आजोबा नाहीत.

"सही घेतलीय त्यांची," त्याने वही उघडली. "मला काही अक्षर लागत नाही. तुम्हाला लागतंय का बघा."

मला लागलं. नाव माझं होतं, वळणही माझंच. फक्त रेघा थरथरत होत्या, फार म्हाताऱ्या हाताच्या थरथरतात तशा.