दहा पोपटांचा रुमाल

त्या दिवशी केमहून येणारी गाडी वेळेवर आली, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

केमच्या रत्नम्मांनी गाडी नेहमीप्रमाणे तासभर रखडेल असं धरून सोलापुरात मुलगी बघायची वेळ ठरवली होती. गाडीनं दगा दिला. आता तासभर आधी कुणाच्या दारात कसं जायचं? म्हणून त्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तवर बाळीवेशीत जाऊन कोऱ्यांचं घर हुडकून ठेव."

मुलाचं नाव महारुद्र. नाव ठेवताना घरच्यांचा काहीतरी वेगळा अंदाज असावा. तो केमच्या शाळेत मास्तर होता, अंगानं काडी, आणि आवाज असा की वर्गात 'गप्प बसा' म्हटलं की फक्त पहिली रांग गप्प बसायची. मागच्यांपर्यंत ते पोचायचंच नाही.

बाळीवेशीतल्या जगदेवीपर्यंतही त्याचा प्रश्न पहिल्या खेपेला पोचला नाही. ती ओट्यावर बसली होती. हातात क्रोशाची सुई, समोर वाचनालयाची कादंबरी, आणि पानं उडू नयेत म्हणून कादंबरीवर वरवंटा.

"कोऱ्यांचं घर कुठं आलं?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

"पान संपू दे."

तो थांबला. पान संपलं. तिनं वरवंटा उचलला, पान उलटलं, वरवंटा ठेवला आणि पुढचं वाचू लागली.

"पान संपलं..." तो हळूच म्हणाला.

"वाक्य कुठं संपलंय?"

हे त्याला पटलं. मास्तरच तो. वाक्य संपेपर्यंत तो उन्हात उभा राहिला. मग तिनं वर बघितलं आणि तिला जरा वाईट वाटलं, कारण माणसाचे कान उन्हानं लाल झाले होते. निदान उन्हानंच असावेत, असं तिला वाटलं.

"तिसरं दार. मुलगी बघायला आलात ना?"

"कसं ओळखलंत?"

"दाढ काढायला आल्यासारखा चेहरा आहे की. ऐका... आधी शेंगापोळी येईल. एकावर थांबू नका, दुसरी घ्या. मग टेबलावरचा पोपटांचा रुमाल दाखवतील. तेव्हा 'वा' म्हणायचं."

"तुम्हाला सगळं माहीत दिसतंय."

"शेजारी राहते की," असं म्हणून तिनं मान खाली घातली.

खरी गोष्ट अशी होती की शेंगापोळ्या सकाळी तिनंच लाटल्या होत्या, आणि रुमालही तिचाच होता. त्या गल्लीचा रिवाजच तसा पडला होता. कुणाची मुलगी दाखवायची ठरली की तिची आई संध्याकाळी जगदेवीच्या आईकडे, गौरम्मांकडे, यायची, इकडचं-तिकडचं बोलायची आणि जाताना पदराखालून रुमाल घेऊन जायची. 'आमच्या मुलीनं विणलाय' असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. त्या एका रुमालावर आतापर्यंत गल्लीतल्या चार मुली उजवल्या होत्या. स्वतः जगदेवी मात्र घरातच होती. दोन स्थळं आली होती, पण तिनं पहिल्या नवरदेवाला विचारलं, 'तुम्ही काय वाचता?' तो म्हणाला, 'बाजारभाव.' दुसऱ्यानं प्रश्न ऐकूनच टोपी घातली. तेव्हापासून पाहुणे यायचे म्हटलं की गौरम्मा पुस्तकं जोंधळ्याच्या कणगीत लपवत.

संध्याकाळी कोऱ्यांकडून परतताना रत्नम्मा पुढं गेल्या. महारुद्र ओट्याशी थांबला आणि वहाणेचा अंगठा नीट करू लागला. अंगठा आधीपासून नीट होता.

"नऊ पोपट एकीकडं बघतात आणि दहावा उलटा... असं का?"

"कोऱ्यांच्या नीलम्माला विचारायचं होतं."

"विचारलं. ती म्हणाली, 'कुठला पोपट?'"

जगदेवीनं ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून आलंच.

"तिथं कादंबरीचा नायक नदीत पडला होता," ती पुटपुटली. "विणीतले खांब मोजायचे चुकले."

एवढं बोलून ती घाबरली. बोलायला नको होतं. पण महारुद्रनं ते ऐकून खिशात ठेवावं तसं ठेवलं, आणि निघून गेला.

नीलम्मा रत्नम्मांना उंच वाटली. म्हणजे महारुद्र बुटका निघाला, पण मुलाकडच्यांनी तसं म्हणायची पद्धत नाही. नीलम्माचं काही अडलं नाही. पंधरा दिवसांत नातेपुत्याचं स्थळ आलं. तिथल्या सासूबाईंना विणणारीच सून हवी होती. त्यांनी रुमाल दोनदा उजेडात धरून बघितला आणि माघातली तारीख पक्की केली.

महारुद्र पुन्हा आला तो त्याच गल्लीत, बिराजदारांची पार्वती बघायला. दोन तास आधी. एकटाच.

"गाडी आज पण वेळेवर?" जगदेवीनं विचारलं.

"नाही. आई ठरल्या गाडीनं येतेय. मी... आधीच्या गाडीनं आलो."

"कशाला?"

"घर सापडलं नाही तर, म्हणून."

"बिराजदारांचं घर कोऱ्यांच्या समोर आहे."

"हो, पण समोर म्हणजे नक्की कुठल्या बाजूला..."

आतून गौरम्मा खाकरल्या.  मग त्यानं कादंबरीकडं बोट दाखवून हळूच विचारलं, "कुठवर आलंय? मी वाचलीय ती."

"शेवट सांगाल तर सुई टोचीन."

"नाही सांगत. पण तो नदीतनं..."

सुई वर आली. तो एक पाऊल मागं सरला, ओट्याच्या पायरीवरून घसरला आणि सावरताना त्यानं दोऱ्याचा गुंडा पकडला. गुंडा हातून सुटून थेट चौकापर्यंत घरंगळत गेला. केमचे मास्तर महारुद्र भर बाळीवेशीत, टांग्याच्या घोड्याखालून, दोरा गुंडाळत परत आले. दोऱ्याला धूळ लागली होती. जगदेवीनं तो धुतला नाही; तसाच विणायला घेतला आणि का, ते स्वतःलाही विचारलं नाही.

पार्वतीला मात्र त्यानं नकार दिला. कारण दिलं, 'घराला पायऱ्या फार आहेत.' बिराजदारांच्या घराला पायऱ्या तीन.

मग एके दिवशी केमहून चिठ्ठी आली, की आता सिद्धाप्पांची मुलगी बघायला येतो. सिद्धाप्पा म्हणजे जगदेवीचे वडील. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर हो म्हणून घरी दमून येणारे. ते चिठ्ठीलाही हो म्हणाले. दिवस ठरला तो नीलम्माच्या लग्नाच्या बरोबर आठ दिवस आधीचा.

"अव्वा, रुमाल नको काढू," जगदेवी आईला म्हणाली. "त्या पाहुण्या ओळखतील."

"ओळखू देत! आपलाच हाय की."

गौरम्मांनी रुमाल अंथरला. दहाही पोपट टेबलावर आले. शेंगापोळ्या आल्या, वर तुपाची धार आली. रत्नम्मांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि उघडल्यावर त्यांना दहावा पोपट दिसला.

"ह्यो तर कोऱ्यांच्या नीलम्माचा रुमाल!" त्या म्हणाल्या. "आनि बिराजदाराकडं बी ह्योच हुता. आवो, ह्यो रुमाल हाय का गावचा बैल? कुनाच्या बी दारात कसा?"

"छे, छे, हा तर आमच्या जगदे..." गौरम्मा उसळल्या.

"नातेपुत्याची मान्सं माझ्या मावसभनीच्या घरातली हायती," रत्नम्मा म्हणाल्या. "नीलम्मानं त्यास्नी बी फशीवलं आसंल तर मला आजच चिट्टी टाकाया लागंल. मग? कुनी इनला ह्यो?"

जगदेवीनं दहाव्या पोपटाकडं बघितलं. 'मी विणला' एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, सोपं होतं, आणि ते म्हटलं की समोरचा माणूस तिचा होणार होता. पण कोऱ्यांच्या दारात मांडवाचे बांबू कालच येऊन पडले होते, आणि नीलम्मा सकाळी लग्नाची हळद कुणी कुटायची यावरून तिच्याशी लुटुपुटीचं भांडून गेली होती, किती हसत.

"नीलम्मानंच," जगदेवी म्हणाली. "आम्ही उसना आणलाय. बिराजदारांनी पण."

गौरम्मांनी कपाळाला हात लावला.

"आनि पोळी?"

"ती पण... तिच्याच हातची."

"आरं द्येवा! मग त्या पोरीला उंच का म्हनलं म्या!" रत्नम्मा हळहळल्या. "बरं, तुला काय येतं?"

जगदेवीनं खूप आठवून बघितलं. सगळंच तर देऊन बसली होती.

"वाचायला येतं," ती म्हणाली.

कणगीतल्या पुस्तकांचं आता काही खरं नाही, असं गौरम्मांच्या तोंडावर दिसलं. रत्नम्मा पदर सावरून उठल्या. "उटा मास्तर. गाडीचा टाइम झाला."

महारुद्र उठला. पण दाराकडं गेला नाही. त्यानं कोट काढला आणि रुमालावर ठेवला.

"हा कोट मामाचा आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत गेला. मग टोपी ठेवली. "टोपी शेजारच्यांची." मग खिशातलं घड्याळ. "हे हेडमास्तरांचं. उसनं घेऊन आलेली माणसं उसन्या रुमालाला नावं कशी ठेवणार? त्यांनी विचारल्यावर खरं सांगितलं. आपल्याला कुणी विचारलंच नाही, म्हणून आपण गप्प बसलो."

तो आता धोतराकडं बघू लागला, तेव्हा सिद्धाप्पा घाईनं म्हणाले, "असू दे, असू दे! कळलं."

रत्नम्मांनी तोंड उघडलं. कोटाकडं बघितलं, पोराकडं बघितलं, मग जगदेवीकडं, चांगलं निरखून, नखापासून डोळ्यांपर्यंत. आणि तोंड मिटलं. मग त्या परत खाली बसल्या आणि राहिलेली पोळी पुढं ओढली.

"मला बी लगनात काय येत न्हवतं," त्या खाता खाता म्हणाल्या. "माझ्या सासूनं शिकिवलं. हिला म्या शिकवीन. वाईच तूप वाडा."

निघताना रत्नम्मा आत गौरम्मांशी बोलत होत्या. ओट्यावर दोघंच. महारुद्र कोट घालत होता. हात बाहीत जायच्या ऐवजी खिशात जात होता.

"तुम्ही खोटं बोललात," तो म्हणाला.

"तुम्ही तरी खरं बोललात की. मामांना कोट परत द्यायचाय ना? चुरगळू नका."

"कोट माझाच आहे."

तिचे डोळे मोठे झाले. "टोपी?"

"तीही. घड्याळ तेवढं हेडमास्तरांचं... ते बंद आहे."

"मग असं का म्हणालात?"

तो बटणं लावू लागला. एक बटण चुकीच्या काजात गेलं.

"तुम्ही तिथं एकट्याच उसनं आणणाऱ्या ठरला होता," तो म्हणाला. "मला बघवेना."

 जगदेवी पुढं झाली, चुकलेलं बटण काढलं, योग्य काजात घातलं, आणि हात काढून घ्यायला जरा उशीर केला.

वैशाखात लग्न झालं आणि जगदेवीच्या अडचणी सुरू झाल्या. तिला काहीच येत नव्हतं ना! रत्नम्मा चुलीपुढं बसून शिकवायच्या, आणि सोलापुरातली सर्वांत मऊ शेंगापोळी करणारी मुलगी जीव तोडून वाईट पोळी करायची. वाईट करणं फार अवघड असतं. कधी सारण बाहेर, कधी कडा कच्च्या. महारुद्र त्या सगळ्या निमूट खायचा. एकदा त्यानं पोळीचा तुकडा मोडला तर आवाज आला. तरी तो 'छान' म्हणाला. क्रोशाची साधी साखळी घालायला शिकायला तिनं तीन महिने लावले, आणि त्या तीन महिन्यांत रत्नम्मांच्या पुढ्यात जांभई आवरणं हे तिचं मुख्य विणकाम होतं. रात्री कंदिलाशी दोघं एकाच पुस्तकावर डोकं टेकवून वाचायची. त्याचं पान आधी संपायचं. तो थांबायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात नातेपुत्याहून निरोप आला. रत्नम्मांनी तो ऐकून घेतला आणि स्वयंपाकघरात आल्या. जगदेवी एक पोळी काळजीपूर्वक करपवत होती.

"नीलम्माला ल्योक झाला," रत्नम्मा म्हणाल्या. "तिला इनता येत न्हाय, ह्ये बी कळलं सासूला. सासू म्हनली, मरू दे, नातवाचं नाक माझ्यावानी हाय."

"बरं झालं की, अत्ती," जगदेवी सासूला म्हणाली.

"व्हय. तवा आता पुरं कर. नीट पोळी कर. दीड वरीस करपट खातुया आमी."

जगदेवीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"तुम्हाला... कधीपासून..."

"माझ्या पैशानं शिवल्याला कोट माझं पोरगं माझ्या म्होरं मामाचा म्हनतंय, तवाच. म्हनलं, दोगं बी कुनाला तरी राखाया लागल्यात. मग म्या कशाला आड येऊ?" त्या पाटावर टेकल्या. "आनि त्ये पुस्तक आन हिकडं. दोगंच काय वाचताय? मला बी कळू दे की."

त्या दुपारी पोळ्या मऊ झाल्या. महारुद्र शाळेतून जेवायला आला, पहिला घास घेतला आणि चघळायचंच विसरला. जेवणं झाल्यावर जगदेवी कादंबरी घेऊन मोठ्यानं वाचायला बसली. रत्नम्मा डोळे मिटून भिंतीला टेकल्या. आणि नेमकं उघडलेल्याच पानावर, नदीकाठी, नायक-नायिका एकमेकांसमोर येऊन उभी राहिली.

"'तेव्हा ती लाजून म्हणाली...'" जगदेवी अडखळली.

"काय म्हनली?"

"'म्हणाली...'"

"वाच की! अक्षार लागंना व्हय?"

जगदेवीनं पुस्तकातून मान वर काढली. समोर महारुद्र होता, ओठाला तूप लागलेलं, कान लाल.

"म्हणाली," ती त्याच्याकडं बघत संथपणे वाचू लागली, "'तुम्ही उन्हात उभे होता ना, त्याच दिवशी मी पुढचं पान नुसतं उलटलं. वाचलं एक अक्षर नाही.'"

रत्नम्मांनी एक डोळा उघडला. "ह्ये त्यात लिवलंय?"

"लिहिलंय," महारुद्र म्हणाला. "मी वाचलीय ती."