मधली मोकळी जागा

ज्याला खोटं वाटेल त्याला खुशाल वाटो. करिष्मा माझी मावसबहीण आहे, आणि तिला थापा मारता येत असत्या तर ती केव्हाच पास झाली असती.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावाच्या पुढं तिची वाडी.

दिवसा कंपनीत पॅकिंग, उरल्या वेळात एम.ए. इंग्रजी. एलिझाबेथच्या काळातल्या नाटक-कवितांचा पेपर दोनदा राहिला होता. आबांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं होतं, "औंदा न्हाई निघाला तर पुस्तकं बंद. सोयरीक जुळवतो."

आधी ती आणि तिची मैत्रीण प्रतीक्षा कंपनीच्या बसमधून उतरून वाडीपर्यंत चालताना शब्द घोकायच्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. मग पाळी बदलायची.

पावसाळ्यात प्रतीक्षा स्कूटीवरून घसरली... जागीच गेली. तिचाही तोच पेपर राहिला होता.

आता विचारणार कोण? करिष्मानं स्वतःच्या आवाजात शब्द मोबाईलवर रेकॉर्ड केले. प्रत्येक शब्दानंतर उत्तरापुरती जागा मोकळी सोडली.

त्या संध्याकाळी रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. कानात इयरफोन.

"सॉलिलोक्वी..."

अर्थ आठवेना. पेपर तोंडावर आलेला. तिला रडूच फुटलं.

आणि त्या मोकळ्या जागेत...

"स्वगत. एकटंच बोलायचं. व्हय ना?"

प्रतीक्षा! प्रत्येक उत्तराला "व्हय ना?" जोडायची सवय तिचीच.

दुसरं कोणी पळत सुटलं असतं. करिष्मानं आवाज वाढवला.

"ब्लँक व्हर्स..."

"यमक न्हाई, ठेका हाय. व्हय ना?"

रोज असंच. आई सावित्राबाईनं एकदा इयरफोन लावून पाहिला. "तुजाच आवाज हाय की. मधी कायबी न्हाई."

करिष्मा पास झाली. पेढे वाटले. सोयरीक टळली. आता मात्र त्या आवाजाची भीती वाटून तिनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

त्याच संध्याकाळी... कानात काहीच नसताना...

"तुजं झालं. आता माजी पाळी. माजा पेपर कवा हाय गं?"



तेव्हापासून ती त्या रस्त्यानं रोज शब्द विचारते. थांबते. पुढचा विचारते. तळेगावात खोली घे म्हटलं, तर म्हणते, "मग तिला कोन विचारंल?"

परवा मी तिच्यासोबत चालले. मला काहीच ऐकू आलं नाही.

वाडी जवळ आली. दमलेल्या करिष्मानं एक शब्द विचारला आणि न थांबताच पुढचा घेतला...

माझ्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "थांब की. सांगते ना."

मी करिष्माला हे अजून सांगितलेलं नाही.