पाखरं वाटून घेऊ

एका उंदराचे माझ्यावर फार उपकार आहेत. तो मला कधी दिसला नाही. पण त्याने आमच्या घरातल्या ज्वारीच्या पिशवीला बोटभर भोक पाडलं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

दसरा नुकताच झाला होता. रिठदच्या पांदण रस्त्यावर मी स्कूटी थांबवून कपाळ पुसत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ मॅडम! पेरून राह्यल्या का सांडून राह्यल्या?"

वळून पाहते तर काय… रस्त्यावर ज्वारीची लांबच लांब रेघ, रेघेवर चिमण्या, आणि चिमण्या उडू नयेत म्हणून अगदी कडेकडेने सायकल ढकलत येणारा एक उंच, सावळा मुलगा. तो हसत होता. मला रडू येत होतं.

कारण त्या दिवशी मी चौदा घरं फिरले होते. मी आसेगावची तनुजा. माझी आई गोमतीबाई आणि तिच्या बचत गटातल्या बाया जुनं गावरान बियाणं राखेत, कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवतात. मी गावोगाव फिरून पाखरांची मोजदाद वहीत लिहिते. तीन वर्षं आकडे नुसते उतरतच होते. जिकडे तिकडे सोयाबीन, नाहीतर हरभरा. ज्वारीच नाही, तर पाखरांनी खायचं काय? म्हणून मी रिठदला राजपालमामाकडे मुक्काम ठोकून घरोघरी ज्वारीचं बियाणं घेऊन हिंडत होते. चौदाही घरांनी चहा पाजला. बियाणं एकानेही घेतलं नाही. "पाखरं खातात वो सारी," एवढंच म्हणायचे.

"किती उरली?" सायकलवाल्याने विचारलं.

"दोन किलो अशीन."

"मंग द्या मले. अर्ध्या एकरात होते तेवढी." मग मान खाजवून म्हणाला, "पन माह्या आईले तुमीच सांगा. माह्यात तेवढी हिंमत नाही."

त्याचं नाव गजेंद्र. आणि त्याची आई हौसाबाई म्हणजे… बाई गं! मी पाखरांचं, मातीचं, सगळं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं. ती सुपात दाणे पाखडत राहिली. शेवटी म्हणाली, "मांगच्या साली पुतनीचं लगन झालं. अक्षतायले जवारी रिसोडच्या दुकानातून आनली, पोरी. शेतकऱ्याच्या घरी! लाज वाटली मले. पेर रे गजेंद्र."

मी हुरळून गेले. "काकू, वर्षाची भाकर निघंन या अर्ध्या एकरातून. माहा शब्द हाये."

शब्द देताना माणसाने जरा आजूबाजूला बघावं. तीन वर्षं पाखरं मोजणाऱ्या मला एवढं सुचलं नाही, की साऱ्या शिवारात एकच ज्वारीचं वावर असेल, तर साऱ्या शिवाराची पाखरं जातील कुठे?

जानेवारीत गजेंद्रचा फोन आला. "तुमची पाखरं आली. वही घेऊन या."

मी उड्या मारतच गेले. हिरव्या हरभऱ्याच्या मधोमध ते पुरुषभर उंच वावर, आणि त्यावरून ढगासारख्या उठणाऱ्या भोरड्या… चिमण्या, पोपट, मैना. मी भराभर आकडे लिहू लागले. दोनशे… साडेतीनशे… मग एक कणीस जवळ ओढलं. दाण्यांच्या जागी नुसता भुसा होता.

हौसाबाई धुऱ्यावर उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "पोरी, हे जवारी तू आमच्यासाठी पेरायले लावली, का या पाखरायसाठी?"

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. वावर असंच गेलं असतं, तर तिची भाकर गेली असती, आणि रिठदमध्ये पुन्हा कोणी ज्वारीचं नाव काढलं नसतं. मी वही पिशवीत टाकली.

"मी राखतो काकू. उद्यापासून."

पुढचे बावीस दिवस मी पाखरं हाकलली. दिवस उगवल्यापासून दहापर्यंत, आणि चारपासून दिवस मावळेपर्यंत. रस्त्याने जाणारे येणारे थांबून हसायचे, "पाहा वो, पाखरावाली बाई पाखरं हाकलून राह्यली!" हसू देत. मी रिकामा डबा बडवत "हाऽऽ हो!" ओरडत राहायचे.

गजेंद्रने बाभळीच्या मेढींवर कमरेएवढं मचाण बांधलं होतं. तिथे त्याने मला गोफण शिकवली. "दगड नोको. मातीचं ढेकूळ घ्या, भ्या दाखवाले पुरते. अन् नेम पाखरावर नाही धरायचा, बाजूले धरायचा."

मी डोक्याभोवती गरागरा फिरवली आणि सोडली. ढेकूळ मागे गेलं आणि त्याच्या उघड्या डब्यात पडलं.

"पाखरं समोर हायेत, मॅडम."

"मले माहीत हाये."

"मंग माह्या झुनक्यानं काय केलं होतं?"

मी हसले नाही. म्हणजे, फार वेळ रोखून धरलं. मग तो मागे येऊन उभा राहिला, माझं मनगट धरून हळूच फिरवून दाखवलं. त्याच्या हाताला ओल्या मातीचा आणि ज्वारीच्या पानांचा वास होता.

"आता सोडा," तो म्हणाला.

"तुमी सोडा आदी… मनगट माहं हाये."

तो कानापर्यंत लाल झाला, झटकन दोन पावलं मागे सरला… आणि मचाणावर दोन पावलांची जागाच नव्हती. थेट ज्वारीत!

"लागलं का?" मी घाबरून वाकले.

"नाही," खालून आवाज आला. "चार धांडे मोडले."

"पाखरायनं नसतं केलं एवढं नुकसान!"

तो ज्वारीत पडल्या पडल्याच हसत होता. ते हसणं मी मामाच्या घरी घेऊन गेले. सुंदरमामीने भाकर वाढताना दोनदा विचारलं, "काय झालं वो तुले?" काय सांगणार?

मग एक दिवस मी नेहमीपेक्षा लवकर गेले. गजेंद्र गळ्यात गोफण अडकवून धुऱ्यावर गप्प बसला होता, आणि त्याच्या समोरच्या ओळींवर भोरड्या खुशाल जेवत होत्या. मी डबा उचलला. त्याने माझा हात धरला.

"काहून हाकलत नाही?"

"त्या चार ओळी सोडल्या हायेत."

"कोनासाठी?"

"तुमच्या वहीसाठी," तो पाखरांकडेच बघत म्हणाला. "तुमी वही उघडलीच नाही तवापासून. मले नाही बरं वाटलं ते. मोजा ना… मी हालत नाही." मग आवाज खाली आणून, "आईले नोका सांगू."

बियाणं कोणी घेतलं नाही तेव्हा दाबून धरलं होतं, ते रडू मला त्या दिवशी आलं. राखण करता करता मी स्वतःच स्वतःवर रुसले होते, हे मलाही नीट कळलं नव्हतं. त्याला कळलं होतं. मी वही उघडली. एकशे बारा भोरड्या, चाळीस चिमण्या. आकडे लिहिताना अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण माझा डावा हात अजून त्याच्या हातात होता.

पंधरवड्याने हौसाबाईने हुरड्याला लोक बोलावले. आमच्या चौदा घरांपैकी तेरा आली! गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, गरम गरम हातावर चोळली, सोबत गूळ आणि जवसाची चटणी. म्हातारी माणसं चवीने चावत राहिली. मग राजपालमामाच म्हणाला, "चव तेच हाये वहिनी… पन पाखरं लय येतात न."

"येतीन नाही तर काय?" हौसाबाईने तळहातावरचा भुसा फुंकला. "एकट्या माह्याच वावरात जवारी हाये, तर सारे माह्याच पंगतीले बसतात. तुमी बी पेरा. पाखरं वाटून घेऊ."

कोणीतरी हसलं, कोणीतरी मान हलवली. आणि उठताना एकेक जण माझ्याजवळ येऊन विचारू लागला, बियाणं किती मिळंन? अकरा घरं! मी हौसाबाईकडे बघितलं, तर ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "त्या चार ओळी मले पयल्याच दिवशी दिसल्या होत्या, बरं का. डोये हायेत मले."

मार्चमध्ये मळणी झाली. ज्वारी तीन पोती भरली. एक बियाण्याला, दोन भाकरीला. हौसाबाईने दोन्ही पोत्यांवर हात फिरवला. "निघाली वर्षाची भाकर. राखला तू शब्द." देवाचे, पाखरांचे, त्या बाईचे, कोणाकोणाचे आभार मानावेत, मला सुचेना.

तेवढ्यात कोपऱ्यात गजेंद्रच्या लाल दुपट्ट्याचं एक गाठोडं दिसलं.

"हे कायचं?"

"ते… नाही बियाण्यात, नाही भाकरीत."

"मंग?"

त्याने पोत्यांकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. माझ्याकडे सोडून सगळीकडे.

"अक्षतायची हाये."

"कोनाच्या लग्नाच्या?"

"तुमी… तू व्हय म्हनलं तर, आपल्या."

माझ्या छातीत अख्खा थवा उठला. पण मी गंभीर चेहऱ्याने गाठोडं उचलून वजन बघितलं.

"पायलीभर अशीन?"

"हो."

"नाही पुरत."

त्याचा चेहरा असा उतरला, की मला माझाच राग आला.

"काहून?"

"आसेगाव अन् रिठद, दोन गावं येतीन. अन् अक्षता डोक्यावर कमी, मांडवात जास्त पडतात. मांडव उठल्यावर पाखरं येतीन ना… त्यायले नोको?"

क्षणभर त्याला कळलंच नाही. मग कळलं. तो डोळे पुसत हसला.

"भाकरीच्या पोत्यातली घे रे," मागून सुपात दाणे पाखडता पाखडता हौसाबाई म्हणाली. "चार दिवस गव्हाच्या पोया खाऊ."

मी तिच्या पाया पडले, तर तिने मला उठवून मिठीत घेतलं. तिच्या लुगड्याला नव्या ज्वारीचा वास येत होता.

गजेंद्र गाठोडं खांद्यावर टाकून घराकडे निघाला. त्याने बांधलेली गाठ सैलच होती. दहा पावलं गेला नसेल, तो त्याच्यामागे ज्वारीची बारीक रेघ पडू लागली, आणि त्या रेघेवर एक चिमणी उतरली. मग दुसरी.

मी कडेकडेने त्याच्या मागे चालू लागले, आणि हाक मारली.

"ओ दादल्या! पेरून राह्यले का सांडून राह्यले?"