गाळलेल्या जागा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, भर दुपारी हे घडलं.

म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि त्यातून त्यांची जीवनकथा लिहायची, हे मावशीचं काम. त्या वेळी ती एका शिंपीकाकांकडे जात होती. खोलीत दोन शिलाई मशिनं. एकावर काका बसत. दुसरं त्यांच्या थोरल्या भावाचं. तो जाऊन कैक वर्षं झाली होती.

काका बोलायचे छान. पण मध्येच थांबायचे... त्या दुसऱ्या मशिनकडे बघत.

"काय झालं काका? आठवत नाहीये का?"

"दादा सांगतोय ना. त्याचं होऊ दे."

 मावशी मनात म्हणाली, म्हातारपण, दुसरं काय!

"दादा गेले कसे?" असं तिने विचारलं, तेव्हा काका सगळ्यात जास्त वेळ गप्प बसले.

घरी येऊन तिने नेहमीसारख्या त्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. ऐकल्यासुद्धा नाहीत. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

कथा झकास झाली. वाचून दाखवली, तर काकांचा चेहरा पांढराफटक.

"यात दादाचं कुठंय?"

"काका, तिथे... काहीच नव्हतं हो."

"अहो बाई, त्याला मध्ये तोडलेलं चालत नाही. आता तो पहिल्यापासून सुरू करेल."

काकांनी दादाच्या मशिनकडे पाहिलं.

"उठून गेला वाटतं," एवढंच म्हणाले.

मावशी तडक घरी आली. आतल्या खोलीत तिची छोटी लेक बाहुलीशी बडबडत होती. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही.

तो थांबला...

पंख्याची घरघरही थांबली...

मग लेक म्हणाली, "हं. मग?"

परत शांतता.

मावशी धावत आत गेली. लेक मान वर करून रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"शू! आई, त्याचं होऊ दे ना."

मावशी तिला उचलून तशीच काकांकडे पळाली. परत सांगा, या वेळी काही कापणार नाही, म्हणून हातापाया पडली. काका रडायलाच लागले.

"मला आता कुठं ऐकू येतो तो?"

लेक आज कॉलेजात आहे. अजूनही बोलता बोलता थांबते, मान डोलावते. मावशी तेव्हा तिचा हात घट्ट धरून बसते. मध्ये बोलायची तिची हिंमत नाही.

परवा न राहवून मी त्या लेकीला विचारलं, "काय सांगतो गं तो?"

ती हसली नाही.

"अजून लहानपणच चाललंय त्याचं."

तो आपल्या मरणापर्यंत येईल तेव्हा काय होईल, हे मात्र मी विचारलं नाही.